सोऱ्याची प्रार्थना

आमच्या चर्चमधली माणसं भांडली की एकमेकांशी बोलत नाहीत, देवाशी बोलतात. फक्त समोरच्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

माझी आई आणि तिची तीस वर्षांची मैत्रीण रत्नामावशी नाताळपासून अबोला धरून होत्या. कारण काय, तर चकलीचा सोऱ्या. मार्चमध्ये धायरीला आमच्या घरी प्रार्थनासभा होती. पाळकसाहेबांनी क्षमेवर संदेश दिला आणि एकेकाला प्रार्थना करायला सांगितली.

आई डोळे मिटून म्हणाली, "हे प्रभू, एका बहिणीनं फराळासाठी नेलेला माझा सोऱ्या परत दिला नाही. तरी तिला क्षमा करायला मला शिकव."

लगेच मावशी सुरू झाली. तिचेही डोळे मिटलेलेच. "प्रभू, तू सर्व जाणतोस. सोऱ्या तेव्हाच मी हिच्या पिठाच्या डब्यामागे ठेवलाय. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

आई उठून आत गेली. डबे सरकवल्याचा आवाज आला. परत येऊन तिनं पुन्हा डोळे मिटले.

"प्रभू, मला क्षमा कर. आणि हिला जेवल्याशिवाय जाऊ देऊ नकोस."

पाळकसाहेबांच्या आधी मावशीच म्हणाली, "आमेन. आणि प्रभू, रश्श्यात तिखट जरा बेतानं घाल म्हणावं तिला."