विचारल्याबिगर काढलं

माह्यं माहेर भिवापूरच्या बाजूचं, मिरच्यायचा मुलूख, तोडता तोडता हाताची नुसती आग होये, तठून लग्न होऊन मी नागपूरले आलो. आमचे हे सरकारी वर्कशॉपात सुतार, आन् काय सांगू तुम्हाले, लय बोलके मानूस, पानठेल्यावर गेले का तासभर तठीच, भाजीवालीसंगबी राजकारन. मी म्हनो, मायबाई, मले नवरा भेटला का रेडिओ.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या इकडं मारबत निघते ना, राक्षसिनीचा मोठा पुतळा, तिच्यासंग बडगे निघतात, बांबूचे, कागदाचे मोठेच्या मोठे पुतळे. लोकायले जे जे छळते ते त्याच्या गळ्यातल्या पाटीवर लिहायचं, घेऊन जा गे मारबत म्हनून बोंबलायचं आन् वस्तीबाहेर नेऊन जाळून टाकायचं, महागाई, खोकला, पुढारी, सारं. त्या दिवशी बोललेलं कोनी मनावर घेत नाई, इंग्रजाच्या राज्यातबी घेत नव्हते म्हने. आमच्या गल्लीचा बडग्या दरसाल हेच बांधत.

ते आणीबाणीचं साल होतं. वर्कशॉपात हुकूम, नसबंदीच्या केसेस आना नाई तं पगार थांबन. बाजूच्या म्हाताऱ्यालेबी धरून नेलं होतं, बिचारा परत आला तं तोंड लपवून राहे. यायनं बडग्याले साहेबी टोपी घातली, हातात कैची देली आन् पाटीवर लिहिलं, म्हातारे धरनाऱ्या सरकारले घेऊन जा गे मारबत. मी म्हनलं, अवो, काहून जीव धोक्यात घालता, यंदा दिवस बरे नाईत. हे म्हने, मारबतीच्या दिवशी कोन धरते वं, येडी हायेस का. गल्ली हासली, मीबी हासलो.

आठवडाबी नाई झाला, नोकरीवरून काढल्याचा हुकूम आला. ना कोनी बलावलं, ना विचारलं, का बा तू हे काहून केलं. क्वार्टर खाली करा म्हने. वकीलसाहेबाकडं गेलो, भला मानूस, ते म्हने, बाई, सरकारी नोकराले विचारल्याबिगर, त्याची बाजू आयकल्याबिगर काढता येत नाई, घटनेतच हाय. मी म्हनलं, मंग काढलं कसं जी? तं म्हने, सरकार म्हनते देशाच्या सुरक्षेचा मामला हाय, विचारन्याची गरज नाई, आन् आता आणीबाणीत आपलं कोन आयकते, थांबा. थांबा! पोट्ट्यायच्या ताटात काय थांबा वाढू?

थांबलो. मी लोकायची धुनीभांडी केली, हे रोजीनं सुतारकाम कराले जात, तठीबी कोनी म्हने हा सरकारनं काढलेला, याले नको ठेवू. जे गल्लीत पोट धरून हासले होते ते यायले पाहून दुसऱ्या बाजूनं जात. आन् यायचं बोलनंच आटलं हो, पहिले राजकारन गेलं, मंग शेजारपाजार, मंग माह्यासंगबी. च्या देला तं घेत, नाई देला तं मांगत नाईत. घरात जित्ता मानूस आन् आवाज नाई, मले भेव वाटे.

आणीबाणी उठली, सरकार बदललं, केस चालली, तारखावर तारखा, माही धाकटी पोरगी लग्नाले आली तवा कोर्टानं म्हनलं, विचारल्याबिगर काढलं ते चुकलं, पहिले याले विचारा, याचं आयका, मंग काय ते ठरवा. मी रामटेकले जाऊन नारळ फोडला. वकीलसाहेब म्हने, आता मनातलं सारं बोला, कायदा तुमच्या बाजूनं हाय.

मांगच्या महिन्यात चौकशी झाली. साहेब काही वाईट नव्हता, चांगलं मराठीत विचारलं, बोला, तुमचं काय म्हणणं आहे? मी दाराशी उभी होतो. हे उठले, हात जोडले, तोंड उघडलं, मंग बंद केलं. साहेबानं पुन्हा विचारलं. हे म्हने, काही नाई साहेब. मी तठूनच बोंबललो, साहेब, मले विचारा, मी सांगतो, यायचा काही गुन्हा नाई! साहेब म्हने, बाई, नियमात तुम्हाला विचारता येत नाही. आन् लिहून घेतलं, यांना काही म्हणायचं नाही.

आता हुकूम यायचा हाय. हे पाहा ना खाटेवर बसले हायेत, सारं आयकून राह्यले, पन बोलनार नाईत. तुमी आले, तुमी विचारलं, तुमचं भलं होवो, देव तुमच्या लेकराबाळायले सुखी ठेवो. लिहा सारं, जसं सांगितलं तसंच लिहा. फक्त आमचं नाव नका लिहू, बाप्पा. हुकूम यायचा हाय ना अजून.