जिभेखालची गोळी

गारगोटीच्या दवाखान्यात बीपी तपासायला आलेल्या शालूबाई कान टवकारून बसल्या होत्या. बाकावर शेजारी एक सासू अन् तिची सून. सासूचा लेक राजवीर पडद्याआड खाटेवर गप पडला होता.

"आत्ती, सकाळी त्यास्नी नशेच्या गोळ्या दिल्यासा, ते डॉक्टरला सांगूया की."

"तोंड मिट. लेकरू तडफडत हुतं, दिल्या दोन."

"नशा उतरायच्या आधी ही व्यसन सोडवायची नवी गोळी जिभंखाली ठेवली तर लई हाल हुत्यात, म्हणालं हुतं डॉक्टर."

"कालचं पोरगं ते! ट्रेनिंग करून आलंय म्हणून मला शिकवतंय व्हय?"

"मला भ्या वाटतंय, आत्ती."

पडदा सरला. डॉक्टरच्या हातात नवी गोळी होती.

"मावशी, राजवीरनं शेवटची नशा कधी केली?"

"काल दुपारी."

"मग नशा उतरल्याचा घाम न्हाय, थरथर न्हाय, कसं काय?"

"जोतिबाची कृपा."

"खरं सांगा. ही गोळी मी पहिल्यांदाच देतोय. चुकलं तर हाल त्याचे होतील. मलाच भीती वाटतीय."

"...थांबा डॉक्टर. ही माझी सून लई बावळट. सकाळी तिनं दोन गोळ्या चारल्यात त्याला."

"खरं का, वहिनी?"

"व्हय, मीच दिल्या. तुमी ती गोळी आधी परत डबीत ठेवा."