दगड हलवा, काका!

...आणि वर तो माशांच्या दुकानातला मलाच विचारतो, "काय काका, मारामारी कमी झाली का?" अहो, कमी कसली! तुम्हाला सांगतो, तीन फुटांची काचेची टाकी, आत बारा मासे, आणि बाराही जण असे वागतात की टाकी यांच्या तीर्थरूपांनी बांधून ठेवलीय! सिक्लिड म्हणतात त्यांना. दिसायला निळे, पिवळे, नुसते दागिने... पण स्वभाव? याने त्याची शेपटी कुरतडली, त्याने तिसऱ्याला गुहेतून हाकललं, तिसरा बिचारा दिवसभर फिल्टरच्या नळीमागे अंग चोरून उभा. आणि मी समोर स्टुलावर. मी एक शब्द बोललो नाही!

पहिल्यांदा तीनच आणले होते हो. मुलगा-सून वेगळे राहायला गेले, घर खायला उठलं, म्हटलं तेवढीच हालचाल. तर आठवड्यात एक मेला, दुसरा अर्धमेला! तसाच दुकानात गेलो, तर तो कपाळाला हात लावून म्हणतो कसा, "अहो काका, तीन कुणी ठेवतं का? एक ठेवा, नाहीतर बारा ठेवा! बारा असले की मार वाटला जातो. तीन असले की सगळा एकाच्याच पाठीवर."

तुम्हाला सांगतो, मी तिथेच बसलो. कारण आम्हीसुद्धा चार होतो ना घरात! माझं नि मुलाचं वाजलं की बायको मध्ये पडायची, मग तो तिच्यावर, मी तिच्यावर, ती भांड्यांवर... जेवायच्या वेळेपर्यंत मिटलेलं असायचं. ती गेली आणि उरलो तीन. तिच्या वाट्याचं सगळं आमच्यात आलं. भांडण कशावरून, तर खिडकीजवळच्या खुर्चीवरून! हसू नका. मुलगा तिच्यात बसून लॅपटॉप बडवायचा, माझी पेपर वाचायची जागा, आणि मी... मी एक शब्द बोललो नाही! बरं, एक वाक्य बोललो. "हे घर माझं आहे." यात खोटं काय होतं, सांगा? पण खरं बोलायलासुद्धा वेळकाळ असतो, हे मला कळलं कधी, तर सामानाचा टेम्पो कोपऱ्यावरून वळल्यावर.

असो. तर बारा केले. त्यात एक निळा धिप्पाड, त्याचं नाव मी ठेवलं फौजदार. मोठी गुहा त्याची, समोरची वाळू त्याची, पाणीसुद्धा त्याचंच! पुन्हा दुकान. "काका, दगड हलवा! सगळे दगड उचला, नवीन मांडा. कुणाची जागा कुठली हेच कुणाला कळलं नाही की सगळेच नवीन. मग भांडणार कोण कुणाशी?" कोपरापर्यंत हात घालून हलवले हो दगड, आणि काय सांगू, चमत्कार! फौजदार कोपऱ्यात गप्प, बाकीचे हळूहळू फिरतायत, "आधी तुम्ही, नाही नाही, आधी तुम्ही..."

आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला! रविवारी मुलगा-सून यायचे होते. सात महिन्यांनी पहिल्यांदा! म्हटलं, आपणही दगड हलवू. कपाट तिकडे, सोफा इकडे, जेवायचं टेबल आडवं, आणि खिडकीची खुर्ची थेट आतल्या खोलीत. कंबर गेली कामातून! खालच्या बाई धावत वर, "अहो, भिंत पाडताय की काय?" मी एक शब्द बोललो नाही! श्वासच उरला नव्हता.

आले दोघं. मुलगा दारातच थबकला. "बाबा... घर विकताय का?" म्हटलं, छे रे, जरा बदल. सून म्हणाली, "छान वाटतंय." मुलगा म्हणाला, "हो, मोकळं वाटतंय." सोफ्याच्या कडेवर बसले दोघं, गुडघ्यांवर हात ठेवून. भांडण नाही, आवाज नाही, मी मनात म्हटलं, जमलं! आणि तेवढ्यात मुलगा म्हणाला, "बाबा, पाणी मिळेल का?"

पाणी मिळेल का! ज्या पोराने तीस वर्षं फ्रिज उघडून, बाटली तोंडाला लावून, झाकण न लावता परत ठेवली... तो मला विचारतो, पाणी मिळेल का!

मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. अडकलेल्या लिफ्टमधली अनोळखी माणसं किती गोड बोलतात माहितीय? "तुम्ही टेका ना." "नको, तुम्ही टेका." दार उघडलं की जो तो आपल्या वाटेने, मागे वळूनसुद्धा बघत नाही. अगदी तसं बोललो आम्ही तासभर. मग "निघतो हं बाबा," आणि खरंच निघाले.

मी लगेच खुर्ची ओढत परत खिडकीत आणली आणि फोन लावला. "अरे, खुर्ची जागेवर ठेवलीय. पुढच्या रविवारी ये, बस तिच्यात. मी ओरडेन, तू ओरड." तिकडून तो म्हणाला, "बघतो बाबा. कामं आहेत." आणि मी... मी एक शब्द बोललो नाही. या वेळी खरंच नाही.

खुर्ची रिकामीच असते. टाकीतले दगडही मी होते तसे लावले. फौजदाराने गुहा परत घेतली, हाणामारी जोरात सुरू. मी नुसता जवळ गेलो तरी धावून येतो, काचेवर थोबाड आपटतो, "चल, नीघ!" दुकानदार म्हणतो, "काका, हा फार माजलाय, बदलून देऊ का?" म्हटलं, राहू दे रे. या घरात तेवढा एकच उरलाय, जो माझ्याकडे पाणी मागत नाही!