खोडावरचा डिंक

पत्नी विजयमाला वारल्यावरही पुंडलिकराव सकाळी पांढुर्ण्याच्या फलाटावर येऊन बसत. आज शेजारी एक नवराबायको नागपूरच्या गाडीची वाट पाहत होते.

नवरा म्हणाला, "दंडातल्या रक्तवाहिनीतली कॅन्सरची गाठ डाक्टरनं काढली ना? मंग आता कायले जाऊन राहिलो आपण?"

"ते गाठ परत येते, फुप्फुसातही जाते म्हणे. म्हणून तपासत राहा लागते."

"मले तं काहीच दुखून नाही राहिलं."

"संत्र्याच्या खोडातून डिंक आला, तुमी साल खरवडून लेप लावला. मंग दर हंगामात वाकून वाकून काय पाहता?"

"तो पुन्हा फुटते, म्हणून."

"झाड सांगते काय, मले दुखते म्हणून?"

"झाडासंग माही बरोबरी करतं काय वो?"

"नाही जी. झाड इतकी कुरकुर नाही करत."

"काका, तुमीच सांगा. घरी जाऊ का वापस?"

"गाडी आली," म्हणत पुंडलिकरावांनी त्यांची पिशवी उचलून डब्यात ठेवली.

"तुमी नाही येत, काका?"

"नाही. तिच्या तपासणीले आमी असेच जोडीनं जात होतो. उजव्या खिडकीपाशी बसा, तिकून ऊन लागत नाही."