पाचवं शहर आणि माझी खुर्ची

चोवीस डिसेंबर दोन हजार एकवीस, शुक्रवार. आभाळ भरलेलं, वारा बेताचा, बर्फाचा कण नाही... आणि माझ्या घरासमोर, माझ्या जागेवर, माझ्या मेहुण्याची गाडी! गाडी कसली, भाड्याने आणलेलं चार चाकांचं घरच ते! नाक शेजारच्या फिलोमेनाबाईंच्या पायरीसमोर, शेपूट माझ्या दारासमोर, आणि मी आमच्याच दारात पाहुण्यासारखा उभा!

तुम्हाला सांगतो, दक्षिण फिलाडेल्फियातला माणूस स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस विसरेल, पण गाडी लावायची जागा विसरणार नाही. घरं एकमेकांना चिकटलेली, गल्ली एवढीशी. ज्याने बर्फ उपसला त्याची जागा. मग तिथे घरातली एखादी खुर्ची नेऊन ठेवायची आणि बिनघोर कामाला जायचं. पोलिसांना हे मान्य नाही, गल्लीला आहे, आणि आपल्याला राहायचं कुठे? पोलिसात की गल्लीत? आता मी ती खुर्ची जुलैमध्येही ठेवायचो हे खरं... पण जागा राखायची म्हटल्यावर ऋतू काय बघत बसायचे?

तर हा आल्डो. माझ्या बायकोचा, लोरेटाचा, धाकटा भाऊ. याच गल्लीत वाढला, इथेच गुडघे फोडून घेतले, आणि एक दिवस उठून गेला फिनिक्सला. तेव्हापासून बोलतो असा, की वाळवंट यानेच शोधून काढलं. भर जानेवारीत फोन! "काय रे नुंझिओ, फावडं घेऊन बाहेरच का? मी इथे अर्ध्या चड्डीत लिंबं तोडतोय! अरे, तुमचं गाव आटत चाललंय, आमचं फुगतंय. लिहून घे, पहिल्या पाच शहरांत आम्ही, तुम्ही बाहेर!" मध्ये एकदा लोकसंख्येचा सरकारी अंदाजही तसाच आला, फिनिक्स पाचवं म्हणून. त्या दिवशी याने तीनदा फोन केला. एकदा मला, एकदा लोरेटाला, आणि एकदा आम्ही दोघं घरात नसताना, फोनच्या मशीनवर नुसता हसण्यासाठी!

अंदाज तो अंदाज! दोन हजार दहा साल उजाडलं, दर दहा वर्षांनी होते ती जनगणना झाली, खरी डोकी मोजली, आणि काय निघालं? फिलाडेल्फिया पाचवं, फिनिक्स सहावं! पाचवं म्हणजे पाचवं!

आता असा सूड सोडतात का? आम्हा इटालियनांकडे नाताळच्या आदल्या रात्री सात प्रकारचे मासे असतात, आणि ते एकामागून एक, लोरेटाच्या आईने लावून दिलेल्या क्रमाने. पाचवी येते टोमॅटोतली वाम. आल्डो त्या वामेसाठी विमानाने येतो हो! खारवलेला कॉड झाला, शिंपल्या झाल्या, वामेचं ताट आलं, याने काटा उचलला... आणि मी ताट उचललं. म्हटलं, "पाचवं आमचं. तू सहाव्याला थांब."

बारा माणसं हसली. लोरेटा नाही हसली. आल्डो लाल झाला आणि म्हणाला, "ठीक आहे. वीस सालची मोजणी होऊ दे. हरलो तर तुमच्या ईगल्स फुटबॉल संघाचा हिरवा शर्ट घालून आमच्या मैदानात, आमच्या लोकांत बसेन. पण तू हरलास तर तुझी ती खुर्ची तळघरात. मी जेव्हा जेव्हा येईन, जागा माझी!"

मी हात मिळवला. आणि त्या क्षणापासून, तुम्हाला सांगतो, मला माणसं हवीशी झाली! मला! ज्याने आयुष्यभर गल्लीत नवं सामान उतरताना पाहिलं की दात-ओठ खाल्ले! पण पाचवं म्हणजे पाचवं, आणि पाचवं राहायचं तर डोकी हवीत!

मग आला तो बिल्डर. गल्लीच्या टोकाला टोप्यांची बंद पडलेली फॅक्टरी होती, ती पाडून त्याला नऊ बिऱ्हाडांची इमारत बांधायची होती. चर्चच्या तळघरात बैठक. सगळी गल्ली आली, सगळी विरोधात. फिलोमेनाबाई उठल्या, "नऊ बिऱ्हाडं म्हणजे नऊ गाड्या! त्या काय माझ्या स्वयंपाकघरात लावणार?" टाळ्या! बिल्डरचा चेहरा एवढासा. आणि मी उठलो. लोकांना वाटलं, आता नुंझिओ याला फाडून खाणार.

मी म्हटलं, "नऊच का? चौदा करा."

बिल्डरच्या डोळ्यांत पाणी आलं हो, त्याला आजवर कोणी असं म्हटलंच नव्हतं. फिलोमेनाबाई पुटपुटल्या, "याच्या बारशाला मी साखरेत घोळवलेले बदाम वाटले होते. गद्दार!" त्या दिवसापासून माझी खुर्ची गल्लीने मानणं सोडलं. रोज संध्याकाळी ती फुटपाथवर उलटी पडलेली. इमारत उभी राहिली, आणि चौदा बिऱ्हाडांत गाड्या किती? दोघं राहायला आली की दोन! ही कुठली तरुण मंडळी, दूध ओटचं पितात आणि गाड्या मात्र खऱ्या! मी सात सात गल्ल्या पलीकडे गाडी लावून चालत यायचो, पाय ओढत, आणि मनात म्हणायचो, या बाबांनो, अजून या... आल्डोला हिरवा शर्ट घालायचाय!

वीस साल आलं. मोजणी तोंडावर. मी चौदाही दारांवर जाऊन सांगून आलो, "नाव नोंदवा, सगळ्यांची नोंदवा, तान्ह्याचंसुद्धा!" तिसऱ्या मजल्यावरची टेस म्हणाली, "काका, तुम्ही सरकारी माणूस का?" म्हटलं, नाही गं, मी वैयक्तिक!

आणि महामारी आली. आठ दिवसांत इमारत रिकामी! सगळी पोरं आपापल्या आईबापांकडे. गल्ली मोकळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत जागाच जागा, आडवी लावा, तिरकी लावा! ज्याचं स्वप्न उभा जन्म पाहिलं ते समोर, आणि मी खिडकीत बसून रडतोय! लोरेटा म्हणाली, "नुंझिओ, जाऊन गाडी तरी लाव दारात." लावली. कसला आनंद? टेसला फोन केला, "पोरी, कुठे आहेस? नाव इथलंच लिहिलंस ना?" ती म्हणाली, "काका, मी आईकडेच राहायला आले, आता कायमची. फिनिक्सला. इथे गाडी लावायला काय मोकळी जागा आहे म्हणून सांगू..."

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये आकडे आले. आल्डोने फोन केला नाही. नुसता विमानाच्या तिकिटाचा फोटो पाठवला.

आणि आज हा समोर बसलाय, गळ्यात रुमाल खोचून. पण मी सोडतो की काय? मी वाम वाढता वाढता म्हटलं, "आल्डो, मागून सॅन अँटोनिओ येतंय. तीस साली तुलाही मागे टाकणार."

"आधी तुला टाकेल की रे! तू सातवा होशील!"

"होऊ दे! आठवा होईन, नववा होईन! तू पाचवा राहता कामा नयेस!"

लोरेटा म्हणाली, "दोघंही गप्प बसा, वाम थंड होतेय."

फिनिक्स सोळा लाख आठ हजार एकशे एकोणचाळीस. फिलाडेल्फिया सोळा लाख तीन हजार सातशे सत्त्याण्णव. वाम आल्डोने खाल्ली. माझी गाडी सात गल्ल्या पलीकडे आहे. खुर्ची तळघरात.