पैकीच्या पैकी

...नाही, मला एक सांगा, पाचापैकी चार म्हणजे कमी का हो? ऐंशी टक्के! आमच्या वेळी ऐंशी टक्के पडले की आई चार घरांत सांगून यायची! आणि इथे चार तारे दिले म्हणून एका बाईचं काम गेलं... आणि हा माझा विषय, बरं का!

तुम्हाला सांगते, मी वर्तमानपत्रात पैशांवर लिहिते. म्हणजे लोकांच्या पैशांवर, माझ्याकडे कुठले! सुरुवात मुदत ठेवींपासून, मग विमा, मग एक दिवस संपादक नाकातून म्हणाले, "अहो, ठेवी आता कोण वाचतं? ते ॲपवर कामं घेणारे बघा, त्यांच्यावर लिहा!" झालं! तेव्हापासून गाडीवाले, पार्सलवाले, घरी येऊन केस कापणारे, सगळ्यांच्या मागे मी. पगार नाही, रजा नाही, वर साहेब नाही, नुसते गिऱ्हाइकाने दिलेले तारे! 'चौथा तारा पोटावर पाय देतो' हा मथळा कोणाचा? माझा! त्याला बक्षीस मिळालं, फ्रिजवर ठेवलंय. पुढे मलाच संपादक म्हणाले, "तुम्ही आता नोकर नाही, भागीदार! लेखागणिक मानधन! स्वातंत्र्य!" हे मी इतक्या कंपन्यांकडून ऐकलं होतं की त्यांचं पुढचं वाक्य मीच पूर्ण केलं.

तर त्या स्वातंत्र्यात बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. जन्मभर गणित शिकवलेला माणूस, आता नुसतं "हं". मी लेख लिहीन तेव्हा पैसे, मग त्यांच्याजवळ बसणार कोण? ॲपवरून बाई बोलावली. चार-चार तासांची.

पण काय बाई होती हो! आम्ही सगळे बाबांच्या वतीने बोलायचो, त्यांना दूध हवंय, त्यांना झोप आलीय... ही समोर बसायची, "सर, दूध की पाणी?" आणि थांबायची. पेला हातात, पण द्यायची नाही! मी दारातून चिडून, "अहो, द्या ना!" तर म्हणे, "ताई, सरांना विचारलंय." आणि एक दिवस बाबा म्हणाले, "पा... णी." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

त्या संध्याकाळी मोबाईलवर ते तारे आले. एरवी मीच डोळे झाकून पाच दाबते. पण बाबांनी डावा हात पुढे केला. त्यांना द्यायचे होते! आता या माणसाने आयुष्यात कुणाला पैकीच्या पैकी दिलेले नाहीत. मला नाहीत! उत्तर बरोबर, रीत बरोबर, तरी म्हणायचे, "समासाची रेघ वाकडी आहे." ते बोट हळूहळू सरकत गेलं आणि चारावर टेकलं. आणि चेहऱ्यावर काय समाधान! त्यांच्या हिशोबात ते सुवर्णपदक होतं हो! आणि मी... स्वतःहून काही ठरवलं ना त्यांनी, स्वतःहून! मला ताऱ्यांचं कुठलं भान? मी 'पाठवा' दाबलं. आणि हा माझा विषय!

दुसऱ्या दिवशी दारात भलतीच बाई. कंपनीला फोन लावला. पलीकडून गोड आवाज, "आपण असमाधानी असल्यामुळे आम्ही त्यांना बदललंय, मॅडम." अहो, मी समाधानी आहे! "आपल्या भावना आम्ही समजतो, मॅडम." तारे बदलून द्या! "ती सोय नाही, मॅडम." त्यांना दुसरीकडे तरी काम मिळतंय ना? "ती माहिती देता येत नाही, मॅडम." तिचा नंबर ॲप दाखवत नाही, आडनाव दाखवत नाही, का दाखवत नाही यावर मी लेखमाला लिहिलीय! आणि हा माझा विषय... जाऊ दे.

बाबा दाराकडे बघत राहायचे. म्हणायचे, "ती?" इतकाच शब्द. मी म्हणायचे, येईल. शेवटी नाही राहवलं. सगळं सांगितलं. बाबा, तुमच्या चारामुळे ती गेली. बाबांनी डोळे मिटले. मला वाटलं, सांगायला नको होतं. अजूनही वाटतं.

नव्या बाईने त्या दिवशी काय केलं म्हणाल, तर एका हातात चमचा, दुसऱ्या हातात मोबाईल! खिळा ठोकावा तसा चमचा तोंडात! काही विचारणं नाही, थांबणं नाही. जाताना म्हणाली, "ताई, तेवढे तारे द्या हं, घरी दोन लेकरं आहेत."

ती गेली, तसा बाबांनी हात पुढे केला. मी काही बोलले नाही, शपथेवर सांगते! बोट चारावर थांबलं, बराच वेळ थांबलं... आणि सरकून पाचावर गेलं. आयुष्यात पहिल्यांदा, पैकीच्या पैकी.

मग भिंतीकडे तोंड करून झोपले आणि झटक्यानंतर पहिल्यांदा न अडखळता, स्वच्छ म्हणाले, "नापास!"

कोण, ते मी विचारलं नाही.