भिंतीची माती

मातीतला किरणोत्सर्ग मोजायला मुंबईचं सायेब आलतं की आमच्या गगनबावड्याकडच्या गावात! घरात शिरून भिंतीला यंत्र लावलं, भिंतीचीच माती पिशवीत भरली. मी इचारलं, "ह्यानं काय अपाय हुतोय?"

"छे! पोटात गेली तरच बघावं लागेल."

चहा घिऊन आलेली बायको थबकली. सातवा म्हैना. डोहाळं लागल्यापास्नं तीच माती खरवडून खायाची. हळूच म्हणाली, "आन् पोटात गेली तर?"

सायेब हसलं. "माती कोण खातं वहिनी? जनावरंसुद्धा खात नाहीत!"

चहा पिऊन गेलं ते गेलंच. बाळंत हुईस्तवर ती पोटावर हात ठिऊन मला इचारायची, "जनावरं खात न्हाईत ते मी खाल्लं. आता ह्येचं काय हो?"